फळीखालची क्लिप आणि खंडोबाचा टाक

मित्रांनो, आधीच सांगते, मी केसांना लावायची क्लिप नाही आणि कागदांना अडकवायची तर मुळीच नाही. मी डेकची क्लिप आहे. डेक म्हणजे घराबाहेर फळ्या बसवून केलेला लाकडी ओटा. प्रत्येक फळीच्या कडेला एक लांब खाच असते. दोन फळ्यांच्या मध्ये मी बसते, माझे दोन पंख दोन्हीकडच्या खाचांमध्ये शिरतात आणि माझ्या पोटातून एक स्क्रू खालच्या आडव्या पट्टीत जातो. वरून बघाल तर ना खिळा दिसेल, ना स्क्रू, ना मी.

तुम्ही कधी अशा डेकवर अनवाणी चालला असाल आणि पायाला काही टोचलं नसेल, तर ते माझ्यामुळं आणि माझ्या बहिणींमुळं. हे मी स्वतःच सांगते आहे, कारण दुसरं कुणी सांगत नाही. वाट बघून बघून कंटाळले, म्हणून आज बोलायला बसले.

माझा जन्म नगरच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या एका शेडमध्ये झाला. स्टीलची लांब पट्टी प्रेसखाली सरकायची, धाडकन दणका बसायचा आणि एक क्लिप खाली पडायची. दुसऱ्या दणक्याला अंगाला दात फुटायचे. मग काळा रंग. प्रेसवरचा माणूस आम्हाला मुठीमुठीनं उचलून खोक्यात टाकायचा आणि मान वळवून चहा आला का बघायचा. आमच्याकडं त्यानं एकदाही नीट बघितलं नाही. मला वाटलं, दुकानात गेल्यावर तरी कुणी बघेल.

कसलं काय. दुकानात आमच्या शेजारी पितळी कड्या आणि कपाटांच्या चकचकीत मुठी होत्या. गिऱ्हाईक त्यांना हातात घ्यायचं, उजेडात धरायचं, घरी फोन करून विचारायचं की कोणती आणू. आमचं खोकं सगळ्यात खालच्या कप्प्यात. तिथं दुकानदाराचं मांजर आमच्यावर बसून डुलक्या काढायचं. मी मनात म्हणायचे, असू दे, आपलाही दिवस येईल.

तो दिवस शामकांतरावांमुळं आला. शामकांतराव शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले. सावेडीत त्यांचा बंगला आहे. बंगल्याच्या मागच्या दाराला फरशी होती आणि पावसाळ्यात तिला असं शेवाळ धरायचं की चालणाऱ्यानं भिंत धरूनच जावं. एकदा त्यांची बायको सुचित्राताई तिथं घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण शामकांतरावांनी धसका घेतला आणि फरशीवर डेक करायचं ठरवलं.

काम केलं कल्याणनं. कल्याण पाथर्डीकडचा. पावसाळाभर नगरला सुतारकाम करायचा आणि दसरा झाला की बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचा. हात चांगला होता त्याचा. एक फळी ठेवायची, तिच्या कडेला आम्हाला ओळीनं स्क्रूनं आवळायचं, मग दुसरी फळी सरकवून आमच्या पंखांत बसवायची, की झाली पुढची ओळ. काम संपल्यावर आमच्यातली एकही दिसेना. शामकांतराव त्या फळ्यांवर चपला काढून चालले, पाय आपटून बघितला आणि खूश झाले.

त्यानंतर काही महिने आमची चंगळ होती म्हणा ना. जो येईल त्याला शामकांतराव मागच्या दारी न्यायचे आणि म्हणायचे, "दाखवा बघू यात एक तरी स्क्रू." पाहुणे खाली वाकायचे, फटीत डोकवायचे आणि मान हलवायचे. एक जण म्हणाला, नुसत्या चिकटवल्या असतील. मला हसू आलं. आम्ही दिसत नाही याचंच कौतुक चाललं होतं आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

पण नवलाई किती दिवस टिकणार? पुढं डेकवर वाळवणं पडायला लागली. कुंड्या आल्या. शेवग्याची पानं फटींतून आत यायची आणि आमच्या अंगावर कुजायची. पावसात आम्ही भिजायचो, चैत्रात फळ्या तापायच्या आणि आमच्या पंखांवर ताण यायचा. माझ्या शेजारच्या बहिणीचा स्क्रू थोडा ढिला झाला होता. ती रोज कुरकुरायची, पण वर कुणाला ऐकू जात नव्हतं. आम्ही आहोत हेच घर विसरून गेलं होतं.

आता मी तुम्हाला ज्यासाठी बसवलं आहे ते सांगते.

सुचित्राताईंचं सासर मूळचं कोल्हारचं. घराण्याचा देव खंडोबा. त्यांच्या घरातले देव मूर्तींचे नव्हते, टाकांचे होते. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला देव, मागं तांब्याचा पत्रा. त्यात खंडोबाचा टाक सगळ्यात जुना. घोड्यावर बसलेला देव, पण इतक्या पिढ्यांचे हात त्याच्यावरून फिरले होते की घोड्याचं नाक सपाट झालं होतं.

हे देव कायम कोल्हारला असायचे, सुचित्राताईंच्या थोरल्या जाऊबाईंकडं. त्यांना सगळे वहिनी म्हणत. वहिनी कमी बोलणाऱ्या, सरळ नाकाच्या आणि कडक. दरवर्षी मार्गशीर्षात खंडोबाचं नवरात्र बसायचं, तेव्हा सगळं घर कोल्हारला जमायचं आणि वहिनींच्या नजरेखाली सगळं पार पडायचं. यंदा दिवाळी झाल्यावर वहिनी अचानक सावेडीला आल्या आणि देवांचा डबा त्यांनी सुचित्राताईंच्या हातात दिला. "या वर्षीपासून नवरात्र तुझ्याकडं," म्हणाल्या. "नीट सांभाळ." एवढंच बोलल्या आणि चहा घेऊन परत गेल्या.

त्या "नीट सांभाळ"नं सुचित्राताईंची झोप उडाली. त्यांना खात्री होती की ही परीक्षा आहे. मी त्यांना रोज ऐकायचे. सकाळी डेकवर उभ्या राहून त्या फोनवर बहिणीशी बोलायच्या. "अगं, वहिनींना बघायचंय मला जमतं का ते. एवढंसं चुकलं तरी देव परत नेतील आणि सगळ्या नातलगांत माझी शोभा होईल." आणि फोन ठेवल्यावर एकट्याच हळू आवाजात म्हणायच्या, "जमेल ना रे बाबा?" हे त्या देवघरातल्या खंडोबाला म्हणायच्या, ते मला पुढं कळलं.

कार्तिकातली अमावास्या आली. दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते आणि वहिनी संध्याकाळी येणार होत्या. दुपारी सुचित्राताईंनी देव उजळायला काढले. चिंच लावून एकेक टाक घासला, धुतला आणि डेकवर ऊन चांगलं येतं म्हणून पांढऱ्या पंचावर सगळे वाळत मांडले. स्वतः शेजारी पाटावर बसून राहिल्या. नजर हलवली नाही बाईंनी. पण शेवग्यावर कावळा आला, खाली झेपावला, आणि टाक त्याला चकाकताना दिसले असतील या भीतीनं सुचित्राताईंनी पंचाची चारी टोकं धरून घाईनं सगळे देव उचलले. एका टोकाची पकड सुटली. एक टाक फळीवर पडला, कडेवर उभा राहिला, गरकन फिरला आणि फटीतून थेट आत गेला.

तो खंडोबाच होता.

फळ्यांच्या खाली एक उथळ नाली आहे. न्हाणीघराचं आणि कपड्यांच्या मशिनचं पाणी त्या नालीतून बाहेरच्या गटारात जातं. नेमकं तेव्हाच मशिननं पाणी सोडलं होतं. सुचित्राताईंना खळखळ ऐकू आली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना वाटलं, टाक पाण्यात पडला आणि वाहून गेला.

पण मित्रांनो, तो पाण्यात पडलाच नव्हता. तो माझ्याकडं होता.

झालं होतं असं. मला बसवताना कल्याणचा हात जरा सरकला होता आणि मी पट्टीच्या मधोमध न बसता कडेला बसले होते. माझा एक दात पट्टीबाहेर अधांतरी राहिला होता. खंडोबाच्या टाकामागच्या तांब्याच्या पत्र्याची कड एका जागी वळलेली होती. टाक खाली येता येता ती वळलेली कड माझ्या दातात अडकली आणि देव फळीखाली, अंधारात, नालीच्या वर लटकत राहिला. वरून बघणाऱ्याला पट्टीची सावलीच दिसत होती. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड कुठं आहे? मला फक्त दात आहेत.

शामकांतराव धावत आले. त्यांनी मशिन बंद केलं, फाटकाबाहेर जाऊन गटारावरचं झाकण उचललं आणि फावड्यानं गाळ उपसायला लागले. शेजारचे गृहस्थ स्कूटर थांबवून म्हणाले, "काय शोधताय?" शामकांतराव म्हणाले, "काही नाही, म्हटलं जरा साफसफाई करावी." शेजारी बघतच राहिले. तिकडं गाळात त्यांना एक चमचा आणि पेनाचं टोपण मिळालं. देव मिळाला नाही.

ते हात धुऊन आत आले आणि दबक्या आवाजात बोलले. "हे बघ, हातपाय गाळू नकोस. मी आत्ता सराफ बाजारात जातो. फोटो आहे आपल्याकडं. असाच नवा टाक मिळेल. थोडा घासला की जुना दिसेल. वहिनींना काय कळणार आहे?"

 सुचित्राताई पाटावर बसल्या होत्या आणि उरलेले देव त्यांच्या मांडीवर, पंचात होते. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्या मोहात पडल्या होत्या हे मला स्पष्ट कळत होतं आणि त्यांना नावं ठेवायचा मला काही हक्क नाही. संध्याकाळी वहिनी येणार होत्या. नवा टाक आणला असता तर सगळं सुरळीत पार पडलं असतं.

"नको," शेवटी त्या म्हणाल्या.

"का पण?"

"वहिनींना नाही कळणार. पण मी त्याला उद्यापासून रोज हळद वाहायची आणि वाहताना दुसरीकडं बघायचं, हे मला नाही जमणार. हरवला तर हरवला म्हणून सांगेन. पण आधी या फळ्यांखाली बघितल्याशिवाय हरवला म्हणणार नाही."

शामकांतरावांना डेक उकलायची कल्पना पसंत नव्हती. त्यांनी वेळ काढायला एक युक्ती केली. मुलीच्या जुन्या पेन्सिलपेटीच्या झाकणातला पातळ लोहचुंबक काढला, दोऱ्याला बांधला आणि फटीतून खाली सोडला.

"अहो, चांदी चिकटते का लोहचुंबकाला?" सुचित्राताई म्हणाल्या.

"मागं तांबं आहे ना."

"तांबंही नाही चिकटत. तुम्ही शाळा तपासायला जायचात ना?"

शामकांतराव ऐकू न आल्यासारखं करून दोरा हलवत राहिले. लोहचुंबक झोके घेत आला आणि चिकटला तो कुणाला? मला. मी स्टीलची ना. "लागलं काहीतरी," असं म्हणून शामकांतरावांनी दोरा ओढला. मी थरथरले. माझ्या दातावर अडकलेली ती तांब्याची कड थोडी पुढं सरकली. मी म्हटलं, संपलं आता. ते पुन्हा ओढणार तेवढ्यात दोरा तुटला आणि लोहचुंबक माझ्या अंगाला तसाच चिकटून राहिला. देव अजून लटकत होता, पण आता अगदी टोकावर.

मग त्यांनी पहार आणली.  त्या फळीला एक दणका बसता, तर टाक खाली गेलाच म्हणून समजा. पण सुचित्राताई पहारीच्या आड उभ्या राहिल्या. "थांबा," त्या म्हणाल्या. "ज्यानं बसवलं त्याला विचारू."

कल्याणला फोन लागायला वेळ लागला. तो ऊसतोडीवर होता. फोनमधून उसाच्या पाचटाचा आवाज येत होता आणि मागून त्याची बायको राजेश्वरी विचारत होती की मोळ्या कुणी बांधायच्या.

"काकू, पहार नका लावू," कल्याण म्हणाला. "फळी चिरंल. मधली फळी तशी न्हाई निघत. कडंपासून एकेक काढत यावं लागतंय."

"कुठल्या कडेपासून?"

"आता ते मला बी ध्यानात न्हाई बघा. भिंतीकडून चालू केल्तं का कुंड्यांकडून, काय की. असं करा, ज्या फळीला वरून स्क्रू दिसतील ती शेवटची. ती आदी काढा. मग मागचा माल मोकळा हुतो." मग त्यानं विचारलं, "कुठला देव म्हनला?"

"खंडोबा."

"आमचा बी त्योच हाय की. घावंल, काकू. रडू नका."

सुचित्राताई रडत नव्हत्या, पण तो असं म्हणाल्यावर त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पदर खोचला आणि दोघांनी कुंड्या बाजूला केल्या. कुंड्यांखालच्या फळीला मातीनं भरलेले स्क्रू सापडले. इतके दिवस "दाखवा एक तरी स्क्रू" म्हणणाऱ्या शामकांतरावांनी ते बघितले आणि घसा खाकरला. स्क्रू निघाले. पहिली फळी उचलली गेली. माझ्या बहिणींवर पहिल्यांदा ऊन पडलं. एकेकीचा स्क्रू निघत होता, एकेक फळी सरकत होती आणि आवाज माझ्या जवळजवळ येत होता.

माझ्या अलीकडची एकच फळी राहिली, तेव्हा सुचित्राताईंनी मोबाईलचा उजेड खाली मारला. नाली कोरडी झाली होती. तिच्यात शेवग्याची पानं होती, एक लाल बांगडीचा तुकडा होता. टाक नव्हता. सुचित्राताईंनी उजेड इकडून तिकडं फिरवला आणि मग मोबाईल बंद केला. "गेला," त्या म्हणाल्या. मला काय वाटलं ते विचारू नका. मी त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होते.

त्याच वेळी फाटकाची कडी वाजली. वहिनी आल्या होत्या. कोल्हारहून एसटीनं येऊन, सावेडी नाक्यावर उतरून, रिक्षानं. शामकांतराव पुढं धावले. "वहिनी, तुम्ही हॉलमध्ये बसा, पंखा लावतो, चहा टाकतो," असं काहीबाही बोलत राहिले. वहिनी त्यांच्याकडं न बघता सरळ मागच्या दारी आल्या.

समोर उकललेला डेक, मातीचे हात, विस्कटलेले केस आणि पंचात गुंडाळलेले देव. वहिनींनी पंचाकडं बघितलं. त्यांना सांगावं लागलं नाही.

"कोणता?" त्यांनी विचारलं.

"खंडोबा," सुचित्राताई म्हणाल्या. त्यांनी काही लपवलं नाही, सावरून घेतलं नाही. कावळा आला तिथपासून सगळं सांगितलं. "मला देव सांभाळता नाही आला, वहिनी."

वहिनी खाली वाकल्या नाहीत. दाराच्या चौकटीला धरून तशाच ताठ उभ्या राहिल्या. सुचित्राताईंना वाटलं, रागावल्या. मलाही तसंच वाटलं.

"कुठून आत गेला?" वहिनींनी विचारलं.

सुचित्राताईंनी बोट दाखवलं.

"त्याची मागची कड वळलेली आहे, डावीकडं. दरवर्षी उजळताना माझ्या बोटात ती घुसायची. सहजासहजी खाली पडणारा नाही तो. कशालातरी धरून बसला असेल. खाली नको बघूस. फळीच्या बुडाला हात लावून बघ."

सुचित्राताई पालथ्या पडल्या. गाल मातीवर टेकला आणि हात फळीखाली सरकवला. बोटं पट्टीवरून आली, माझ्या बहिणीवरून आली, लोहचुंबकाला लागली, थांबली. मग माझ्यावर आली. आणि मग देवावर.

"आहे," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की मलाच ऐकू आला असावा.

"ओढू नकोस," वहिनी म्हणाल्या. "ओढलास तर निसटेल. खालून तळवा लाव आणि वर उचल. वर उचलला की कड सुटते."

खालून एक उबदार तळवा आला. टाकाचं वजन माझ्या दातावरून हलकेच उचललं गेलं. इतका वेळ मी काहीतरी धरून आहे हे मला तो भार गेल्यावर नीट कळलं. माझं तर सगळं आयुष्य धरून ठेवण्यात गेलं होतं, पण सोडून देताना इतकं बरं वाटतं हे मला माहीत नव्हतं. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते हेच असणार.

सुचित्राताई उठून बसल्या. गालाला माती, मुठीत देव. मूठ उघडली, घोड्याचं सपाट नाक बघितलं आणि त्या हमसून हमसून रडायला लागल्या.

"आधी त्याला धू आणि मग स्वतः हात धू," वहिनी म्हणाल्या. "रडायला सगळी रात्र पडली आहे."

पण सुचित्राताई उठल्या नाहीत. टाक त्यांनी दोन्ही हातांनी वहिनींपुढं धरला. "तुम्ही देव परत न्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही एवढा विश्वास टाकून बघितलात. पण माझ्याच्यानं नाही व्हायचं हे."

वहिनींनी टाक घेतला नाही. त्यांनी शामकांतरावांना खुर्ची आणायला सांगितली, खुर्चीच्या हातांवर भार देत हळूहळू बसल्या आणि बसताना कळ येऊन त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं. असं कण्हणं त्यांनी आजवर या घरात कुणाला ऐकू दिलं नव्हतं.

"नेऊन काय करू?" त्या म्हणाल्या. "माझे गुडघे गेलेत, सुचित्रा. खाली बसले की उठवत नाही. देवघरापुढं बसायचं म्हणजे उठवायला कुणाला तरी हाक मारायची. गेल्या नवरात्रात मी देव उभ्यानंच पुसले. म्हणून तुझ्याकडं आणून दिले."

"मला वाटलं, तुम्ही बघताय मला जमतंय का."

"तुला जमेल का, हे कशाला बघू? मला जमत नव्हतं. ते सांगायचं कसं, हे मला कळत नव्हतं, म्हणून चहा पिऊन निघून गेले."

 मग सुचित्राताई रडता रडता हसल्या आणि वहिनींच्या तोंडावरही काहीतरी हललं. शामकांतराव चहा टाकायला आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

चहा झाल्यावर शेवटची फळी सरकवली आणि मी उघडी पडले. शामकांतरावांनी लोहचुंबक काढला, माझा स्क्रू सोडवला आणि मला तळहातावर घेऊन उजेडात धरलं. दुकानात असताना मी याचीच वाट बघितली होती. "हिनं धरला होता देव," ते म्हणाले. "हिला काचेच्या कपाटात ठेवू या. जागेवर दुसरी लावतो." मी घाबरले. काचेच्या कपाटात बसून मी काय करू? तिथं धरायला काय आहे?

"काही नको," वहिनी खुर्चीवरून म्हणाल्या. "चांगली आहे ना? मग तिला तिच्या कामाला लावा."

सुचित्राताईंनी मला ब्रशनं पुसलं आणि स्वतःच्या हातानं स्क्रू आवळून परत बसवलं. या वेळी पट्टीच्या मधोमध. माझ्या कुरकुरणाऱ्या बहिणीचा स्क्रूही आवळला. फळ्या परत आल्या, कुंड्या परत आल्या आणि आम्ही परत कुणाला दिसेनाशा झालो. मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी घट बसले. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला. घरात नातलग मावेनात, म्हणून वहिनींनी सांगितलं की तळी बाहेर डेकवर भरा. ताम्हनात खंडोबाचा टाक, खोबरं, भंडारा. ताम्हनाभोवती घरातली पुरुषमंडळी जमली, कारण कोल्हारला तळी पुरुषच उचलायचे. वहिनी खुर्चीवर होत्या. "सुचित्रा, तू का मागं उभी?" त्या म्हणाल्या. "देव तुझ्याकडं आहेत. ये, हात लाव." सगळ्यांनी वहिनींकडं बघितलं आणि मग सरकून जागा केली. सुचित्राताई पुढं आल्या, नेमक्या माझ्यावर उभ्या राहिल्या. येळकोटाचा गजर झाला, ताम्हन वर गेलं, भंडारा उधळला आणि फटीतून थोडासा माझ्याही अंगावर पडला. त्या दिवशी डेकवर खूप माणसं होती. एकही फळी हलली नाही.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. पावसाळा संपला की डेकच्या कडेची एखादी फळी काढा, आतला पालापाचोळा काढा, हाताला लागतील तेवढे आमचे स्क्रू आवळा. दहा मिनिटांचं काम आहे. आणि तुमच्या घरातही कुणीतरी असेल, ज्याच्यावर सगळ्यांचा भार असतो आणि जे कधी काही बोलत नाही. त्याला काचेच्या कपाटात बसवू नका. जवळ जा, गुडघे दुखतात का विचारा, आणि त्यानं सांगायची वाट न बघता त्याच्या हातातलं थोडं आपल्या हातात घ्या.